निवड समितीवर नसलेले सर

आमच्या आळीत दर रविवारी दुपारी चहाच्या वेळेला, ख्रिस्त नेमका कोणासाठी मेला यावर वाद व्हायचा. वाद घालणारे दोघे आणि ऐकणारा मी. ते दोघेही ख्रिस्ती, एकाच देवळात जाणारे. मी घरी दीड दिवसाचा गणपती आणणारा. थोरात सरांनी मला पंच नेमलं होतं. "तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तू निष्पक्ष," हे त्यांचं कारण. निकाल मी कधी दिला नाही आणि त्यांनी कधी मागितलाही नाही. थोरातवहिनी चहाबरोबर जे काही तळून आणत त्याला न्याय देणं एवढंच माझं काम होतं आणि ते मी चोख बजावलं.

शांतवन थोरात आमच्या शाळेत पी.टी.चे सर होते आणि मी चित्रकलेचा मास्तर. शाळेत या दोन विषयांना काय किंमत असते ते सांगायला नको. परीक्षा जवळ आली की गणिताचा पोर्शन पुरा करायला आमचे तास काढून घेतले जात. मग आम्ही दोघं स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून पंख्याकडे बघत असू. त्यातून दोस्ती झाली, आणि पुढे साळवी स्टॉपच्या आतल्या रस्त्याला आम्ही शेजारी शेजारी घरं बांधली. मधे चिऱ्याचा गडगा घातला. त्याचा उपयोग दोन्हीकडच्या वाट्या आणि ताटं ठेवायला फार झाला.

सर मूळचे नगर जिल्ह्यातले. उंच, काळेसावळे, पाठीत कधी वाकले नाहीत. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, ते निवृत्तीनंतरही सुटले नाहीत. देवळात जातानाही तेच, लग्नाला जातानाही तेच. सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलं तरी बोलण्यातलं "राव" गेलं नाही आणि बांगड्याचे काटे काढायला जमलं नाही. आमच्याकडे जेवायला असले की वहिनी आधी त्यांच्या ताटातला बांगडा सोलून देत आणि मग स्वतःचं वाढून घेत. जिल्ह्याच्या खेळांच्या स्पर्धांत नुसत्या शिट्टीवर शेकडो पोरांना रांगेत उभं करणारा हा माणूस त्या वेळी ताटावरचे हात उचलून शहाण्या मुलासारखा बसून राही.

वादातले दुसरे गडी डॅनियल साळवे. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात जन्म गेल्यामुळे ते घरातही पुकारूनच बोलत. त्यांचं म्हणणं अगदी सोपं होतं. ख्रिस्त सगळ्या जगासाठी मेला. जग म्हणजे जग. त्यात सर आले, ते स्वतः आले, मी आलो, ज्याचं नावसुद्धा कधी आपल्या कानावर येणार नाही असा माणूस आला. तारण सगळ्यांपुढे ठेवलेलं आहे, घ्यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

"गाडी सगळ्यांसाठी फलाटावर उभी हाय, सर. चढायचं ज्याचं त्यानं."

"आणि जे चढले नाहीत त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी पण उभी होती."

"म्हणजे त्यांच्या जागा रिकाम्या गेल्या."

"गेल्या. त्याला देव काय करणार?"

"गाडी रिकामी नेली तर तुमच्या खात्यात मेमो देतात का नाही?"

"देतात."

"मग देवाला मेमो कोण देणार, राव?" सर हे अगदी शांतपणे विचारत आणि बशीत चहा ओतत. डॅनियलभाऊ उत्तर शोधायला भजी घेत.

सरांचं म्हणणं त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. देव जे काम करतो ते वाया जात नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्तानं रक्त सांडलं तो बुडू शकत नाही, नाहीतर ते रक्त फुकट गेलं असं होईल. आणि सगळेच काही तरत नाहीत हे शास्त्रातच आहे. तेव्हा तो मेला तो निवडलेल्यांसाठी. ही निवड जग घडवण्याच्याही आधी झालेली आहे. ती गुण बघून नाही, पुण्य बघून नाही, घराणं बघून नाही. ज्याला निवडलं तो कुठेही असो, आज ना उद्या आपणहून येतो, त्याला आत ओढणारा आतूनच ओढतो. हे सगळं त्यांना लहानपणी त्यांच्या गावच्या एका कडक पाळकांनी, म्हणजे पाद्र्यांनी, शिकवलं होतं आणि ते त्यांच्या हाडात मुरलं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला राग आला. हा कसला देव, निवडक लोकांचा? मी जरा तिरसटपणेच विचारलं, "मग माझं काय? मी निवडलेला की टाकलेला?"

सर म्हणाले, "मला काय माहीत? मी काय निवड समितीवर आहे का?"

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. कुणी कुणाला नावं ठेवली, कुणी वाया गेलेल्या पोराबद्दल हळहळलं, दारूच्या दुकानाबाहेर पडलेल्या माणसाकडे बघून कुणी नाक मुरडलं, की सर म्हणत, "आपण निवड समितीवर नाही." आणि त्या माणसाला उठवून रिक्षात घालून घरी पोचवत. डॅनियलभाऊंचा देव सगळ्यांसाठी मेलेला, पण त्यांना राजिवड्याच्या एका चुलतभावाशी बोलायला जमत नसे. सरांचा देव निवडक, आणि सरांचं मात्र कुणाशीही वाकडं नाही. याची मला गंमत वाटायची, पण पंचानं बोलायचं नसतं.

शाळेतही त्यांनी हेच चालवलं. मुलांच्या खेळात दोन कप्तान आळीपाळीनं गडी मागून घेतात, ती पद्धत त्यांनी मैदानावर बंद केली होती. शेवटी जो एकटा उभा राहतो त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, म्हणत. निवड ते स्वतः करत आणि ती कुठल्या हिशेबानं करत ते कुणाला कधी कळलं नाही. एका वर्षी तालुक्याच्या खो-खोला त्यांनी वैशाली नावाच्या मुलीला घेतलं. अंगानं जाड, धावायला मंद, शिवाय पावसाळ्यात तिला दमाही व्हायचा. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, हिला का घेतली? सर म्हणाले, "कारण नाही. निवडली." मुख्याध्यापकांना हे उद्धटपणाचं वाटलं. मला माहीत होतं की सर अगदी खरं सांगत होते.

आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. मी पाठीराखा म्हणून गेलो होतो. परतीच्या गाडीत बाकीच्या मुली वैशालीपासून तोंड फिरवून बसल्या. ती सरांपाशी येऊन रडत म्हणाली, "सर, मला कशाला घेतलंत हो? माझ्यामुळंच गेली मॅच."

"तू मागितलं होतंस का मला?"

"नाय."

"मग तुझी चूक कुठाय? मी घेतलं, मी बघीन. तू उद्या सकाळी मैदानावर ये."

ती आली. वर्षभर येत राहिली. ती काही मोठी खेळाडू झाली नाही, उगीच खोटं कशाला सांगू. आज भाट्याच्या पुलापलीकडे तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि सरांच्या सगळ्या पँटी शेवटपर्यंत तीच लहान-मोठ्या करून देत होती. पण गाडीतून उतरताना तिचा चेहरा मी पाहिला होता. आपल्याला कुणीतरी काही न बघता घेतलंय आणि आता परत देणार नाही, हे तिला कळलं होतं. सरांच्या त्या निवडीच्या गोष्टीबद्दलचा माझा राग त्या दिवशी बराच उतरला.

एवढं सगळं ठीक होतं. अडचण होती ती सरांच्या स्वतःच्या घरात.

सुनंदावहिनी पावसच्या. आमच्याच शाळेच्या बालवाडीत बाई होत्या. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरचे लोक रुसले. वहिनींच्या वडिलांनी तर आंब्याची पेटी पाठवणंही बंद केलं, आणि पावसच्या माणसानं आंबा बंद करणं म्हणजे काय ते आम्हां कोकणी लोकांनाच कळेल. लग्नाआधी वहिनींनी सरांना एक अट घातली होती. ती त्यांनी मला स्वतः सांगितली. "मी म्हटलं, मी तुम्हांला आमच्या देवाला हात जोडायला सांगणार नाय. तुम्ही मला तुमच्यात ये म्हणून कधी विचारायचं नाय. एकदासुद्धा नाय. चालत असेल तर बघा." सरांनी जागच्या जागी हो म्हटलं. त्यांच्या हिशेबात विचारणं हे माणसाचं काम नव्हतंच.

पण मनातून त्यांना ते हवं होतं. या जगात त्यांना दुसरं काही इतकं हवं होतं असं मला वाटत नाही. मी पहाटे जास्वंदीची फुलं काढायला गडग्याशी जात असे. पलीकडे पडवीत सर खुर्चीवर बसून हलक्या आवाजात प्रार्थना करत. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचं नाव येई, देवळाच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं येत, एकदोनदा माझंही नाव ऐकलं आणि उगाच खोकलो. आणि शेवटी, रोज, न चुकता, "सुनंदा". त्यापुढे ते काही मागत नसत. नाव घेऊन थांबत, बराच वेळ थांबत आणि मग उठत. त्याच वेळी वहिनी अंगणात तुळशीला पाणी घालत असायच्या.

डॅनियलभाऊंनी एकदा रविवारी तोच धागा ओढला. वहिनी आत होत्या. भाऊ त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, म्हणजे शेजारच्या तीन घरांनी ऐकलं असेल, "सर, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या मताप्रमाणं वहिनींचं काय?"

मला वाटलं आता समितीचं वाक्य येणार. ते आलं नाही. सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "डॅनियल, तुझं खरं असतं ना, तर मला रोज हिच्या मागं लागायला पाहिजे होतं. चढ बाई, गाडी सुटायची, चढ. मग हिनं ऐकलं नाही तर तो दोष हिचा, नाहीतर माझा, मी नीट सांगितलं नाही म्हणून. माझं जे मत आहे त्यात ते काम माझ्यावर नाही. म्हणून मी हिच्याबरोबर संसार करू शकतो. मला रात्री झोप लागते."

"आणि ती निवडलेल्यांत नसलीच तर?"

"चहा निवतोय," सर म्हणाले. त्या दिवशी वाद तिथंच थांबला आणि डॅनियलभाऊ जाताना वहिनींशी उगाचच फार वेळ बोलत राहिले.

आता प्रभुभोजनाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय हे दोघं कळायचे नाहीत. त्यांच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर मोडतात आणि प्याला देतात. प्याल्यातला द्राक्षरस पूर्वी कुणीतरी मुंबईहून आणायचं, तो कधी यायचा, कधी नाही. सर मंडळीच्या वडिलांपैकी एक, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी. त्यांनी तो घरी करायचं ठरवलं. काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. सरांनी एकदा करून पाहिला आणि पातेलं करपवलं. मग ते काम आपोआप वहिनींकडे आलं.

वहिनी स्वतः दर पहिल्या रविवारी सरांबरोबर देवळात जात आणि शेवटच्या बाकावर बसत. बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे प्याला त्यांच्यापर्यंत येत नसे, आणि सरांनीही कधी तो नियम वाकवला नाही. पण शनिवारी त्या रसासाठी वहिनी आंघोळ करून, काही न खाता चुलीशी उभ्या राहत. त्यांच्या लेखी तो नैवेद्य होता. नैवेद्य आधी चाखायचा नाही, त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. गोड झालाय की आंबट, हे न बघता त्या रस बाटलीत भरत आणि वर पांढरं फडकं बांधून फ्रीजमध्ये ठेवत.

याचा जो परिणाम व्हायचा तो एका मे महिन्यात झाला. पावसहून रातांबे आले होते आणि वहिनींनी कोकमाचं सरबत करून तसल्याच बाटल्यांत भरलं होतं. रंग तोच. रविवारी सकाळी फडकं बांधलेली बाटली कुणीतरी फ्रीजमध्ये मागे सारलेली, पुढची बाटली सरांनी उचलली, फडकं सुटलं असेल समजून वहिनींनी तिला नवं बांधलं. दोघांपैकी एकानंही झाकण उघडून वास घेतला नाही. वहिनींनी धर्म म्हणून घेतला नाही आणि सरांनी वहिनींवरच्या विश्वासापायी.

पुढचं मला डॅनियलभाऊंनी सांगितलं. सगळे डोळे मिटून गंभीरपणे प्याले आणि मग एकेक करून डोळे उघडायला लागले. मीठ होतं, जिरं होतं. त्या वेळचे पाळक वयस्कर होते, त्यांनी एक आवंढा गिळून पुढची प्रार्थना चालू ठेवली. एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीला सांगितलं की खूप दिवसांत पित्ताला इतका आराम पडला नव्हता.

उपासनेनंतर देवळाबाहेर आवारात मोठी चर्चा झाली. हे प्रभुभोजन झालं की नाही? पुन्हा करायचं का? डॅनियलभाऊंचं मत, पुन्हा करावं. सगळे सरांकडे बघायला लागले, कारण शास्त्रातलं सरांना जास्त ठाऊक. सर म्हणाले, "ज्यांच्यासाठी होतं त्यांना पोचलं. बाकीच्यांनी सरबत प्यालं असं समजा."

लोक हसले आणि घरी गेले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी त्या आमच्याकडे येऊन माझ्या बायकोपाशी रडल्या. "मी देवाचं बिघडवलं. चाळीस माणसांच्या तोंडात भलतंच घातलं." बायको म्हणाली, अहो, पुढच्या वेळी थेंबभर चाखून बघत जा. वहिनींनी डोळे पुसले आणि जरा रागानंच म्हणाल्या, "मी आधी चाखलं तर त्याला काय उरलं?" सर दारात उभे होते. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी दुसरीकडे बघितलं. इतका आनंद माणसाच्या तोंडावर उघडा पडलेला बघू नये.

त्यानंतर पाळक बदलले. आता आहेत ते विनय पाळक, कोल्हापूरकडचे, वयानं लहान, मनानं फार चांगले. तेही डॅनियलभाऊंच्या मताचे, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला म्हणणारे. आल्यावर काही महिन्यांनी त्यांना कळलं की प्रभुभोजनाचा रस बाप्तिस्मा न झालेली बाई करते. ते अवघडून सरांकडे आले. मी तिथंच होतो. ते म्हणाले, "सर, काकूंबद्दल मला आदरच आहे. पण हे योग्य दिसतं का?"

"मनुका तासगावच्या आहेत," सर म्हणाले. "तो शेतकरी कोणत्या देवाचा आहे ते विचारून येऊ का?"

पाळक हसले. सर नाही हसले. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर बंद करतो. तुम्ही पाळक आहात, तुमचा शब्द मी मोडणार नाही. मात्र तिला जाऊन तुम्ही सांगा. मला जमणार नाही." पाळक आत गेले. वहिनी आंबोळ्या घालत होत्या. पाळक बऱ्याच वेळानं बाहेर आले ते चार आंबोळ्या खाऊन, आणि त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मनुकांचा रस अजून वहिनीच करतात, अजून चाखत नाहीत, शनिवारी संध्याकाळी विनय पाळक स्वतः येऊन बाटली घेऊन जातात. लोक मला आडून विचारतात, वहिनींनी शेवटी घेतला का बाप्तिस्मा? नाही घेतला. तुळशीला पाणी घालतात, पहिल्या रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. डॅनियलभाऊ दर रविवारी येतात आणि वाद घालायला कुणी नसल्यामुळे माझ्याशी घालतात. मी सरांची बाजू घेतो. मला ती पटली आहे अशातला भाग नाही, पण कुणीतरी घ्यायला हवी.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात. छातीत पाणी झालं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. वयाकडे बघून डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. मी दुपारी गेलो तेव्हा वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पेजेचा डबा. थोड्या वेळानं विनय पाळक आले. त्यांनी प्रार्थना केली, सरांच्या कपाळावर हात ठेवला. मग वहिनींकडे वळून फार मऊपणे म्हणाले, "काकू, मी कधी बोललो नाही. आज बोलतो. तुम्ही एकदा हो म्हणालात तर सरांना किती शांत वाटेल. उद्याचं कोणी पाहिलंय?"

मला वाटलं आता वहिनी उसळतील. त्या उसळल्या नाहीत. डबा कपाटावर ठेवला, पदर सारखा केला, स्टूल कॉटजवळ ओढलं.

"अहो," त्या सरांना म्हणाल्या, "मी अट घातली होती ना, ती मी सोडत्ये. तुम्ही विचारा मला. विचारलंत तर मी हो म्हणत्ये. आत्ता, इथंच. हे पाळक आहेतच, पाणी पण आहे."

पाळक अर्धवट उठून उभे राहिले होते. मी सरांकडे बघत होतो. इतक्या वर्षांच्या पहाटे या माणसानं कशासाठी थांबून काढल्या ते मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. तो बोलायला अंगात ताकद होती, मन तर होतंच होतं.

"बाप्तिस्मा घेशील तो कोणासाठी?" सरांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. आणि कोणासाठी?"

सर हसले. हसण्यानं खोकला आला, तो निघून जाईपर्यंत वहिनींनी त्यांची छाती चोळली. मग ते सावकाश म्हणाले, "मग नको. माझ्यासाठी जे करायचं होतं ते ख्रिस्तानं करून ठेवलंय, सुनंदा. त्यात तू भर घालू नको. तुला त्यानं बोलावलं तर जा. मी बोलावलं म्हणून नको."

आता वहिनींचे डोळे भरले. त्या रागावल्याही होत्या. "आणि नाय बोलावलं मला तर? तुम्ही तिथं, मी कुठं?"

डॅनियलभाऊंनी विचारलं होतं तेव्हा सरांनी चहा पुढे केला होता. इथं पुढे करायला काही नव्हतं. मग त्यांनी वहिनींचा हात धरला. माझ्यासमोर त्यांनी तो तेव्हा पहिल्यांदाच धरला.

"रोज सकाळी तुझं नाव तोंडात येतं," ते म्हणाले. "मी आणत नाही. माझं माझ्यानं असं रोज काही होत नाही, तुला माहितीय. ते येतं. तू त्याला नको असतीस तर त्यानं कशाला येऊ दिलं असतं?"

"ऐकत्ये मी ते रोज," वहिनी म्हणाल्या.

"माहितीय."

वहिनींनी नाक पुसलं, डबा परत घेतला, झाकण उघडलं आणि पेजेचा चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. सरांनी डोळे मिटले आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला हात जोडले. वहिनी तशाच थांबल्या. विनय पाळकांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. सरांचे ओठ नुसते हलत होते, आवाज येत नव्हता, आणि प्रार्थना नेहमीपेक्षा फार लांबली. पेजेवरची वाफ गेली. वहिनींचा हात अवघडला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दिला, पण चमचा खाली ठेवला नाही.